दोन पाळ्यांमधला दम

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९३५

ही वही तालमीतल्या गड्यांची हजेरी मांडायला आणली होती. हजेरी कसली मांडणार, कपाळ! दसऱ्यापर्यंत सात गडी होते, आज एक आहे. ज्ञानू गेला आणि जाताना पाच जणांना घेऊन गेला. उरला एकटा बिरप्पा.

माझी बायको रंभा म्हणते, "एवढं मनात खदखदतंय तर कागदावर वता, माझ्या डोक्यावर नगं." म्हणून लिहितो. मी शाळा पाहिली नाही. गिरणीच्या गोदामात गाठी वाहिल्या आणि गाठींवरचे शिक्के बघत अक्षरं शिकलो. त्यामुळं माझं अक्षरही शिक्क्यासारखं मोठं आहे. वाचणाराला त्रास नाही. वाचणार कोण म्हणा.

या ज्ञानूनं बारा वर्षं माझ्या हाताखाली माती अंगाला लावली. आता त्यानं व्यायाम मंडळ काढलंय. लोखंडी दांड्या मागवल्यात, माणशी एक. भिंतीवर तक्ते लावलेत. आणि मधोमध खुर्चीवर काय, तर घड्याळ! एकदा दांडी उचलून झाली की सगळे बसून घड्याळाकडं बघतात म्हणे. तीन मिनिटं झाली की परत उचलायचं. व्यायाम करतात की ठेसनावर गाडीची वाट बघतात?

माझ्या तालमीत एकच नाल. आत मुठीला दांडी सोडून घडवलेला दीड मणाचा दगड. आपल्या पाळीला तो पाच वेळा डोक्यावर न्यायचा आणि ठेवायचा. ठेवला की पुढच्यानं उचलायचा. पंचवीस वर्षांत सरावाच्या वेळी हा नाल जमिनीवर गार पडलेला नाही. बसून दम खायची चाल आमच्यात नाही. हीच माझ्या तालमीची अब्रू.

रविवार, ता. १० नोव्हेंबर

आज महादेवप्पांनी दुकानात बोलावलं. तालमीची जागा त्यांची. त्यांच्या वडिलांनी ती मला दिली ती नुसत्या शब्दावर. आता ज्ञानूनं ती मागितली आहे. वस्तादाकडं एक गडी, माझ्याकडं वीस, असं त्याचं म्हणणं. महादेवप्पा न्यायी माणूस आहेत, त्याचाच जास्त राग येतो. लबाड असते तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

ते आपल्या कानडी वळणात म्हणाले, "वस्ताद, एकाला दिली तर दुसरा रडणार. गड्ड्याच्या जत्रेत किंक्रांतीला नाल उचला दोघं. तुमचा बिरप्पा, त्यांचा ज्ञानू. पाच-पाचची फेरी. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याची जागा. काय री?"

ज्ञानू तिथंच बसला होता. तो हळूच म्हणाला, "मधी तीन मिनिटं दम ठिऊ. दोगांलाबी."

मी म्हणालो, "का रं, घड्याळाला चावी द्यायची असती व्हय मधी?"

दुकानातले हमाल हसले. मला बरं वाटलं. त्या भरात नियम मीच सांगितला. एकानं ठेवला की लगेच दुसऱ्यानं उचलायचा, नाल जमिनीवर थांबता कामा नये. उचलताना फेरी अर्धी सुटली तर दुसऱ्यानं त्याहून एक जास्त काढायचा; न उचलता ज्याच्या पाळीला थांबला तो हरला. महादेवप्पांनी दोन कागदांवर लिहून घेतलं, एक मला ठेवायला. मी सही केली. ज्ञानूनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग केली.

घाबरला ना वाघ! तीन मिनिटं पाहिजेत म्हणे.

मंगळवार, ता. १९ नोव्हेंबर

बिरप्पा सांगोल्याकडचा धनगर. अंगानं उभा खांब, तोंडानं मुका. "व्हय वस्ताद" याच्यापलीकडं बोलणं नाही. पूर्वी सात जणांत बारा फेऱ्या सहज काढायचा. आज आठच निघाल्या.

मला कळत नाही. आता अख्खा नाल त्याच्या एकट्याच्या वाट्याला. कुणाची वाट बघायला नको, पाळीसाठी उभं राहायला नको. त्यानं ठेवला की मी म्हणतो उचल. उलट फेऱ्या दुप्पट व्हायला हव्यात.

दूध कमी पडतंय. रंभाला सांगून अर्धा शेर वाढवलं.

मंगळवार, ता. २६ नोव्हेंबर

सात.

याचं लक्ष ठिकाणावर नाही. तमाशाला जात असेल, सिनेमाला जात असेल. संध्याकाळी न सांगता त्याच्या चाळीत गेलो. दिवे लागले नव्हते आणि गडी घोरत पडला होता. त्याची बायको अंबुबाई म्हणाली, "गिरणीतनं आलं की असंच पडत्यात. ताटावरबी डुलक्या घेत्यात."

म्हणजे आळस. सव्वीस वर्षांच्या माणसाला दिवेलागणीला झोप! मी त्या वयात गाठी वाहून यायचो आणि वर दोनशे बैठका मारायचो.

सोमवार, ता. २ डिसेंबर

पाच. शिक्षा म्हणून शंभर बैठका मारायला लावल्या. "व्हय वस्ताद" म्हणाला आणि मारल्या. या "व्हय वस्ताद"चा पण मला आता राग यायला लागलाय. एखादा उलटून तरी बोलला असता.

ज्ञानूच्या मंडळावरून मुद्दाम चक्कर मारली. आत सगळे बसलेले! कुणी घाम पुसतंय, कुणी हसतंय. बसून बसून ताकद येत असती तर सोलापुरातले सगळे कारकून पहिलवान झाले असते.

बुधवार, ता. ११ डिसेंबर

आज चौथ्या फेरीला बिरप्पानं नाल डोक्यावर नेला आणि त्याचे डोळे फिरले. नाल सुटला तो त्याच्या पावलापासून चार बोटांवर मातीत रुतला. बिरप्पा गुडघ्यावर आला. नाकातून रक्त, ओठ जांभळासारखे.

आणि मी काय केलं? मी ओरडलो. "नाल टाकतोस? तालमीतला नाल टाकतोस?"

त्यानं नाक पुसलं आणि परत हात घातला नालाला. मीच त्याचा दंड धरून मागं ओढला. जा म्हणालो घरी. तोंड दाखवू नको म्हणालो. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि तो तसाच कामावर गेला, लाल माती आणि रक्त अंगावर घेऊन.

गुरुवार, ता. १२ डिसेंबर

अंबुबाई दारात आली. डोईवरचा पदर कमरेला खोचलेला.

"वस्ताद, माजा नवरा तुमास्नी बैल वाटला का?"

"मी त्याला पोराच्या ठिकाणी—"

"पोराच्या ठिकाणी? मग पोराला असं राबवत्यात? आमी मेंढरंबी दुपारची झाडाखाली बसवतो! त्यास्नी रवंथ कराया येळ देतो! तुमी तर माणसाला श्वासबी घिऊ दीना!"

शेजारपाजार गोळा झाला. मी पण आवाज चढवला. म्हणालो, तालमीत बायकांचं काम नाही. ती म्हणाली, "तालमीत न्हाय ओ, मी तुमच्या वसरीवर हाय!" रंभानं तिला आत नेऊन चहा दिला. माझ्याच घरात, माझ्यावर ओरडणाऱ्या बाईला चहा!

सोमवार, ता. १६ डिसेंबर

चार दिवस बिरप्पा आला नाही. मी रिकाम्या तालमीत जाऊन बसतो. आज भाकरी खाताना रंभाशी भांडण झालं. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हणालो, एवढं दूध पाजून गडी खालीच चाललाय, कुणी करणी केली असावी.

रंभा म्हणाली, "करणी तुमचीच. माझं ऐकून घ्याल?"

आमची चूल तालमीच्या भिंतीला लागून. पंचवीस वर्षं पहाटे ती तिथं भाकऱ्या थापते. तालमीत तिनं कधी पाऊल टाकलं नाही.

"मला सगळ्यांचा हुंकार ठावा हाय. ज्ञानूचा नाकातला, बिरप्पाचा पोटातला. बिरप्पाचा हुंकार थांबला की मी गोळा घ्यायची. थापायची, तव्यात टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, मग आराला लावून फुगवायची. भाकरी टोपल्यात पडली की परत बिरप्पाचा हुंकार. सात गडी हुते तवा एका भाकरीचा दम मिळायचा त्याला. आता मी गोळा हातात घ्यायच्या आत त्यो परत हुंकारतोय. कसा टिकंल?"

मी ताट सरकवून उठलो. म्हणालो, वस्ताद कोण आहे या घरात? तालमीचं शास्त्र आता तव्यावर शिकायचं का?

ती म्हणाली, "नगा शिकू. ताट मात्र ठेवून जावा, भाकरी माझी हाय."

मंगळवार, ता. १७ डिसेंबर

काल ताट सरकवलं त्याची लाज वाटते. पण तिला सांगणार नाही.

सकाळी तालमीत एकटाच उभा राहिलो आणि सातही जणांच्या जागा डोळ्यांपुढं आणल्या. ज्ञानू, मग बिरप्पा, मग बाकीचे. एकानं उचलायचा तेव्हा सहा जण उभे. गप्पा मारत, दंड चोळत, एकमेकांच्या खोड्या काढत. मी म्हणायचो, आमच्यात दम खायची चाल नाही. अरे गाढवा, सहाच्या सहा जण दमच तर खात होते! नाल गार पडत नव्हता, पण माणसं गार होत होती. मी पंचवीस वर्षं नालाकडं बघत बसलो.

माझ्यासारखा मूर्ख सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल. अंबुबाईच्या मेंढरांना कळतं ते मला कळलं नाही.

चाळीत जाऊन बिरप्पाला म्हणालो, उद्यापासून ये. माफी मागायची होती, पण जीभ वळली नाही. तो म्हणाला, "व्हय वस्ताद." अंबुबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही.

रविवार, ता. २२ डिसेंबर

आता अशी व्यवस्था आहे. बिरप्पानं नाल ठेवला की मी भिंतीवर थाप मारतो. रंभा पलीकडं गोळा घेते. भाकरी टोपल्यात पडली की ती उलथनं भिंतीवर वाजवते. मग बिरप्पानं उचलायचं. आज नऊ फेऱ्या झाल्या. नाकाला काही नाही, ओठ लाल. नवव्या फेरीनंतर तो चक्क हसला.

भाकऱ्या मात्र फार होतात. शेजारी वाटतो.

गुरुवार, ता. २ जानेवारी १९३६

अकरा फेऱ्या! आनंदानं महादेवप्पांचा तो कागद काढला, किंक्रांतीला किती दिवस उरले ते बघावं म्हणून. आणि माझीच सही दिसली.

एकानं ठेवला की लगेच दुसऱ्यानं उचलायचा.

तिथं सात गडी नाहीत, दोनच आहेत. ज्ञानू पाच वेळा उचलेल तेवढाच बिरप्पाला दम. रंभाचा गोळा जेमतेम थापून होईल. माझ्या माणसाची मान मी स्वतः, हमाल हसले म्हणून, सही करून दिली.

शुक्रवार, ता. ३ जानेवारी

महादेवप्पांकडं गेलो. म्हणालो नियम बदला. ते म्हणाले, "आता नाही री, वस्ताद. गावभर सांगितलंय. आणि नियम तुमचा. ज्ञानू नको म्हणत होता, तुम्ही हसलात त्याला." खोटं काय बोलले? काहीच नाही. दुकानाबाहेर येऊन स्वतःलाच शिवी दिली, ती एका गाढववाल्यानं ऐकली आणि त्याला वाटलं त्यालाच दिली. त्याच्याशी पण भांडलो.

रविवार, ता. ५ जानेवारी

शेवटी ज्ञानूच्या दारात गेलो. बारा वर्षं जो माझ्या पाया पडला त्याच्या दारात. तो एकटाच होता. उठून उभा राहिला, बसा म्हणाला. बसलो नाही.

म्हणालो, आपण दोघं मिळून सांगू महादेवप्पांना, तुझी ती तीन मिनिटं ठेवू.

तो म्हणाला, "माजी कुटली, वस्ताद? तुमचीच हायत. तुमच्या तालमीत शेवटचं वरीस मी कनवटीला घड्याळ ठिऊन मोजत हुतो. पाळी फिरून यायची तर तीन मिनिटं. रोज. म्हणून तर हितं तीन ठिवली."

माझ्याच तालमीत बसून मला कापडासारखा गजानं मोजत होता! मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं हुतं की. तुमी म्हणाला, दम खायचा तर बायकांत जाऊन बस."

असं मी म्हणालो असेन. आठवत नाही, पण माझंच बोलणं वाटतं.

नियम बदलायला तो तयार नाही. सही केली त्या दिवसापासून त्यानं दम कमी कमी करत आणलाय. तीन मिनिटांवरून अडीच, मग दोन, आता अर्ध्या मिनिटावर सात फेऱ्या काढतो. दोन महिने. मला दहा दिवस आहेत.

शुक्रवार, ता. १० जानेवारी

रंभा आता गोळा नुसता थापते, भाजत नाही. थापला की उलथनं वाजवते. बिरप्पा सहावर येऊन अडकतो, कधी सात. सातव्याला ओठ परत जांभळे दिसतात. मी म्हणालो, नको उचलू, जागा गेली तर गेली. तो म्हणाला, "न्हाय वस्ताद."

पहिल्यांदा "न्हाय" म्हणाला.

बुधवार, ता. १५ जानेवारी, किंक्रांत

झालं. सगळं लिहितो, मग वही बंद.

गड्ड्यावर पाळणे, भेळ, बांगड्या, धूळ. मधे रिंगण, त्यात नाल. महादेवप्पा खुर्चीवर. चारी बाजूंनी माणसं. अंबुबाई रंभाच्या शेजारी, तोंडात पदर घेऊन.

पहिली पाळी ज्ञानूची, मग बिरप्पाची. सहा फेऱ्यांपर्यंत कुणी हटलं नाही. सातवी ज्ञानूनं दात खाऊन काढली. बिरप्पानं पण काढली, पण पाचव्यांदा डोक्यावर नेताना त्याच्या नाकातून रक्ताची धार आली. छातीवर, मातीवर. लोकांना ते शौर्य वाटलं, टाळ्या वाजल्या.

आठवी. ज्ञानूचे दोन झाले, तीन झाले. चौथ्याला नाल छातीपर्यंत आला आणि खाली गेला. तीनच! गर्दी उसळली. आता बिरप्पानं चार केले की जागा आमची. नुसते चार.

बिरप्पा वाकला. मी चार हातांवर होतो. त्याचे डोळे नालावर नव्हते, कशावरच नव्हते. ओठ निळे. छाती भात्यासारखी हलत होती, पण आत काही जात नव्हतं.

नालाला चुकून पाय लागला तर आम्ही कान धरतो. दसऱ्याला त्याला शेंदूर आणि नारळ. त्या नालावर मी जाऊन बसलो. बूड टेकून. मांडी घालून.

"म्हातारं बसलं की!" कुणीतरी ओरडलं.

"आरं, अंडी उबवतंय काय?"

"उठवा त्याला!"

बिरप्पा माझ्या खांद्याला धरून ढकलत होता, आणि त्या ढकलण्यात लहान पोराएवढीच ताकद होती. मी म्हणालो, बस खाली. श्वास घे.

महादेवप्पा उठून आले. "वस्ताद, उठा री. बिरप्पाची पाळी आहे. नाल थांबला की संपलं. सही तुमची."

"ठाऊक आहे."

"जागा जाईल."

"ठाऊक आहे म्हटलं ना!"

त्यांनी मान खाली घातली आणि हात वर केला. संपलं. जागा मंडळाची. वीस गड्यांनी आरोळी दिली, पण ज्ञानू त्यांच्यात गेला नाही. घामानं निथळत माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"वस्ताद, मी असतो तर बसला असता का?"

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि मी त्याला पाळी चुकवू दिली नव्हती. ते तो विसरला नाही. पण ही काय वेळ होती विचारायची? मी म्हणालो, जा तुझ्या घड्याळाकडं. तो गेला. आता वाटतं, उत्तर द्यायला हवं होतं. पण खरं उत्तर कोणतं ते मला अजून सापडलेलं नाही.

गुरुवार, ता. १६ जानेवारी

काल वही बंद म्हणालो होतो, पण आज लिहायलाच हवं.

सकाळी बिरप्पा आला. नमस्कार नाही, काही नाही. वसरीत उभा राहून असा ओरडला की रंभाच्या हातातलं भांडं पडलं.

"तुमी मला इचारलं हुतं का?"

मी म्हणालो, तुझे ओठ—

"ओठ गेलं खड्ड्यात! चार उचलायचं हुतं, चार! मी उचललं असतं! दोन म्हयनं रगत आटवलं, ते कुणासाठी? माझ्यासाठी? मला काय करायची जागा? तुमच्यासाठी उचलत हुतो मी! आन तुमी त्यावर बसला! सगळ्या गड्ड्याफुडं! लोकं मला हसत्यात, बिरप्पाचा वस्ताद अंडी उबवतोय म्हणत्यात!"

"तू पडला असतास."

"पडलो असतो तर माझा मी पडलो असतो! तुमी कोण ठरवणार? आदी उचल म्हणून मारलं, मग नगं म्हणून मारलं! माणसानं करायचं तरी काय?"

मी पण उठलो. म्हणालो, वस्तादाशी असं बोलतोस? तो म्हणाला, वस्ताद कसलं, आता तालीमच कुठं हाय? मी म्हणालो, चालता हो. तो म्हणाला, चाललोच हाय, थांबवा कोण थांबवतंय ते. आणि तरी गेला नाही. दारातच उभा राहून पहिल्यापासून सगळं काढलं. शंभर बैठका काढल्या, चाळीत चोरून बघायला आलो ते काढलं, नाल टाकला म्हणून ओरडलो ते काढलं. सहा वर्षांत बोलला नव्हता ते सगळं एका दमात. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तोंड लालबुंद.

तो बोलत होता तो शब्द न् शब्द खरा होता, आणि मला संताप येत होता. पण माझे डोळे त्याच्या छातीवर होते. ती वर जात होती, खाली येत होती, पुन्हा भरून वर जात होती. इतकं मोठ्यानं, इतका वेळ भांडायला छातीत श्वास लागतो. तो त्याच्या छातीत होता.